माझ्या गळ्यातला झेंडूचा हार

मित्रांनो, मी एक जुना, वाकडातिकडा पाइप आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, माशांच्या टाकीच्या काठावर मी बसलेलो असतो. अर्धा आत, अर्धा बाहेर. पाइपाची गोष्ट कोण ऐकणार, असं मला पूर्वी वाटायचं. आता कुणीतरी ऐकावी असं फार वाटतं, कारण मनात एक गोष्ट सलते आहे आणि ती बोलून टाकायला मला तोंड असून जीभ नाही.

मला सुबोधने बनवलं. सुबोध एका औषधांच्या कारखान्यात मशिनं सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशीही त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. मित्राने घर बदललं तेव्हा त्याची मोठी काचेची टाकी सुबोधने आणली. अशा टाकीच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी ठेवतात. वरचं घाण पाणी खाली उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पण पाणी खाली उतरायला वरच्या टाकीला भोक हवं, आणि त्या काचेला भोक पाडायला गेलं तर काचेचा चुरा व्हायचा. म्हणून सुबोधने ठरवलं, भोक न पाडता पाणी काठावरून उतरवायचं.

त्याने नळाच्या दुकानातून पांढरा पाइप आणि वळणावर जोडायचे एल्बो आणले. हॅक्सॉ करवतीने माझे तुकडे केले, सोल्युशन लावून मला जोडलं, माझ्या तोंडाशी बारीक फटींची जाळी बसवली. मग बाथरूममध्ये दोन बादल्या ठेवून माझी परीक्षा घेतली. पहिल्यांदा मी तीन ठिकाणी गळलो. त्याची बायको अक्षता दारात उभी राहून म्हणाली, "अरे, बाजारात तयार मिळत नाही का हे? सकाळपासून बाथरूम अडवून बसलायस!"

"मिळतं गं. पण मग मजा काय?" सुबोध म्हणाला.

माझं काम सोपं आहे, पण ते बघून लोकांना नवल वाटतं. माझ्या पोटात काठोकाठ पाणी भरलेलं असलं, हवा अजिबात नसली, की टाकीतलं पाणी आपोआप माझ्यातून वर चढतं, काठ ओलांडतं आणि खाली उतरतं. याला सायफन म्हणतात. सुबोधने मला टाकीवर बसवलं आणि मुद्दाम पंप बंद केला. पाणी माझ्या तोंडापाशी येऊन थांबलं. पंप पुन्हा सुरू केला, तर मीही पुन्हा सुरू झालो. "झकास!" असं ओरडून त्याने आपल्या मुलीला, दिशाला, उचलून गरगर फिरवलं. त्या दिवशी मी स्वतःला फार शहाणा समजलो.

टाकीत एकच मासा आला. काळा, अंगावर नारिंगी डाग असलेला, ऑस्कर जातीचा. सुबोधची आई सुगंधाआजी, मूळची मालवणकडची, त्याला बघून कपाळाला हात लावून म्हणाली, "मासे पोसूक हाडलंस? मासे खावचे असतत रे!" पण नाव तिनेच ठेवलं. जेवण आवडलं नाही की तो मासा कोपऱ्यात जाऊन फुगून बसायचा. आजीची नणंद आहे ना, तिचे यजमान लग्नात असेच रुसून बसले होते म्हणे. म्हणून मासा झाला दाजी.

दिशा शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी काचेला नाक लावायची. दाजीही तिथेच नाक लावायचा. तिच्या बोटातून तो दाणा घ्यायचा. दुपारी घरात आजी एकटी असायची, तेव्हा ती त्याला गावच्या गजाली सांगायची. बांगडे साफ करायला बसली, की आधी टाकीवर पंचा टाकायची. "तेका कित्याक दाखवूचा?" असं स्वतःशीच म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

सुरुवातीला सुबोध दर रविवारी माझी जाळी काढून ब्रशने घासायचा. माझ्यासारखाच आणखी एक पाइप बनवून शेजारी बसवायचा, म्हणजे एक तुंबला तरी दुसरा चालेल, असंही तो अक्षताला सांगायचा. मग कारखान्यात त्याची बढती झाली. रविवारी फोन वाजायला लागले. पुढच्या रविवारी, असं म्हणता म्हणता पावसाळा उलटला. माझ्या जाळीवर हिरवट, बुळबुळीत थर चढला. फटी बारीक होत गेल्या. मी गुडगुड आवाज करायचो, जमेल तेवढ्या मोठ्याने करायचो. दिशा म्हणायची, "बाबा, पाइपाला भूक लागलीय!" आणि सगळे हसायचे. सुबोधही हसायचा. तो गुडगुडाट कशाचा आहे, हे त्या घरात कुणाला कळायला हवं होतं तर त्यालाच.

मग दसरा आला. आजीने घरातली सगळी हत्यारं, यंत्रं पुसून काढली. शिलाई मशीन, मिक्सर, सुबोधचं ड्रिल, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. शेवटी ती माझ्यासमोर आली. "हो पाइप रातदिस राबता, तेका कोण इचारता?" असं म्हणून तिने माझ्या वाकावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं. हार नीट बसेना, म्हणून टाकीवरचं काचेचं झाकण थोडं बाजूला सरकवलं आणि माझ्या गळ्यात झेंडूचा छोटा हार घातला. खरं सांगतो मित्रांनो, माझा ऊर भरून आला. कित्येक महिन्यांत माझ्याकडे कुणी धड बघितलंही नव्हतं. हाराचं टोक पाण्याला टेकलंय, हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला तो हार हवा होता.

सगळे चेंबूरला सुबोधच्या बहिणीकडे जेवायला गेले. घर बंद झालं. हाराचं टोक भिजलं, पाकळ्या सुटल्या आणि एकेक करून माझ्या तोंडाकडे आल्या. मी ओढायचं थांबू शकत नव्हतो. त्या बुळबुळीत फटींवर पाकळ्या चिकटत गेल्या आणि माझं तोंड बंद झालं. खालच्या पंपाला याचा पत्ता नव्हता. तो बिचारा इमानाने पाणी वर चढवत राहिला. टाकी काठोकाठ भरली, मग पाणी जमिनीवर सांडू लागलं. दाजी घाबरून इकडेतिकडे आपटत होता. झाकण सरकलेलं होतं तिथून त्याने उडी मारली.

तो खाली बराच वेळ तडफडत होता. मी त्याच्या डोक्यावर, दोन-तीन हात उंचावर, गळ्यात हार घालून बसलो होतो.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा दिशा पहिली आत आली. तिच्या हातात आत्याने दिलेली आपट्याची पानं होती. तिची किंकाळी ऐकून शेजारच्या वसुधाताई धावत आल्या. आजीने पाणी पाहिलं, मासा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच ओल्या जमिनीवर बसली. "माझ्या हातान गेलो तो," एवढंच ती म्हणाली. दिशाने ते ऐकलं. "तू कशाला हात लावलास आजी? कशाला लावलास?" असं ती रडत रडत विचारत राहिली.

सुबोधने मला काढून बाथरूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. त्याने माझ्यावरच्या पाकळ्या खरवडल्या. खाली महिन्यांचा थर होता. तो बघताच त्याचा हात थांबला. फटी साफ असत्या तर चार पाकळ्यांनी माझं तोंड बंद झालं नसतं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला वाटलं, आता तो बाहेर जाऊन सांगेल. त्याने नळ मोठा सोडला, ब्रश घेतला आणि तो थर घासून घासून धुऊन टाकला. बाहेर येऊन म्हणाला, "पाकळ्या अडकल्या होत्या."

खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी मला माझ्या स्वच्छ तोंडाची लाज वाटली.

त्यानंतर दिशा आजीशी बोलेनाशी झाली. आजीने विंचरायला फणी घेतली की ती अक्षताकडे जायची. आजीने मासे सोडले. कुणाला काही सांगितलं नाही, फक्त आपल्या ताटात घ्यायचं बंद केलं. ती बाजारातून मासे आणायची, साफ करायची, वाटप वाटून कालवण करायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः आमटीभात जेवायची. जन्मभर मासळीशिवाय घास न उतरलेली बाई! मी कोरड्या टाकीवर बसून हे बघायचो आणि सुबोधच्या तोंडाकडे बघायचो. तो मान खाली घालून जेवायचा. बोल ना रे, असं मला ओरडावंसं वाटायचं.

एका रविवारी सुरमई होती. आजीने सगळ्यांत मोठी तुकडी सुबोधच्या ताटात वाढली. त्याने ती तोडली, तोंडाजवळ नेली आणि परत ताटात ठेवली.

"आई, फुलांनी नाही झालं ते," तो म्हणाला. "जाळी घाण झाली होती. किती महिने मी साफच नव्हती केली. मी त्याच दिवशी बघितलं होतं."

अक्षताने हातातली पोळी खाली ठेवली. दिशा बाबांकडे बघत राहिली. आजी रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त एकच विचारलं.

"मगे इतके दिवस गप कित्याक रवलंस?"

दिशा उठली, आपलं ताट उचलून आजीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "सॉरी आजी, सॉरी ना," असं म्हणत होती. आजी डाव्या हाताने तिला थोपटत राहिली.

आता टाकीत नवे मासे आहेत, छोटे छोटे. सुबोध दर रविवारी मला घासतो, फोन वाजला तरी घासतो. आजी पुन्हा मासे खायला लागली आहे आणि दिशा रोज तिच्याकडूनच वेणी घालून घेते. सगळं सुरळीत झालं असं बाहेरच्याला वाटेल. पण आजी आता मिक्सर लावायच्या आधीही अक्षताला विचारते, "हात लावू काय गो?" अक्षता दर वेळी म्हणते, "अहो आई, तुमचंच घर आहे, विचारता काय!" आजी मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

मित्रांनो, जे तुमच्यासाठी मुकाट्याने राबतं, त्याला फूल जरूर वाहा, पण त्याआधी ते उघडून एकदा साफ करा. ते गुडगुडलं तर हसू नका. आणि तुमची चूक घरातलं दुसरं कुणी आपल्या डोक्यावर घेऊन बसलं असेल, तर उठा आणि लगेच बोला. जेवण व्हायची वाट बघू नका, रविवारची तर मुळीच नको. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.