उपाशी जोड्या

निवृत्त बाई प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा त्यांची जुनी विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. बाईंनी वर्षानुवर्षं जपलेले पॅरामेशियम, ते एकपेशीय जीव, म्हातारे होऊन मरत होते.

"रोज पोटभर घालतेय, बाई!"

"तिथंच चुकलीस! लाड पुरे. उपाशी राहिले की जोड्या जमतात. मग मोठं, झिजलेलं केंद्रक मोडतं, छोट्यातून नवं घडतं. पुन्हा तरुण!"

दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली जोड्या दिसल्या. बाई बघतच राहिल्या. कडकीच्या दिवसांत, लग्नाआधी, त्या आणि पुढे त्यांचे यजमान झालेले सर याच टेबलाशी एका डब्यात जेवायचे. पुढे पगार वाढले, डबे दोन झाले, जेवायच्या वेळाही. आता तर सरच नव्हते.

"बाई, डबा आणलाय?"

डब्याची पिशवी हळूच टेबलाखाली सरकवत बाई म्हणाल्या, "नाही गं. तुझ्यातलाच अर्धा दे."