विद्याश्रीच्या नावाचा बूथ

मी एक जुना टेलिफोन बूथ आहे. मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी मी कित्येक वर्षं कुलूपबंद उभा आहे. मित्रांनो, माझ्या पत्र्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. आत कोण बसत होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म १९९४ साली उद्यमनगरात, आकाराम मिस्त्रींच्या कारखान्यात झाला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. अपंग माणसांना रोजगार मिळावा म्हणून त्यांना असे बूथ मंजूर होत. मिस्त्रींनी मला पिवळा रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'विद्याश्री एस.टी.डी., अपंग संचालित'.

विद्याश्री तेव्हा चोवीस वर्षांची होती. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. घरी बसूनच ती दहावी पास झाली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिचा मोठा भाऊ शिवप्रसाद यानं तिला उचलून आणलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. हार झाला, फोटो झाला, पेढे झाले. मग त्यानं तिला पुन्हा उचलून वर नेलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यात शिवप्रसाद बसला. तिसऱ्या दिवशीही तोच. अशी चार वर्षं गेली.

त्यांचं घर माझ्या अगदी समोर. वरच्या मजल्यावर गज लावलेली खिडकी होती, तिथं विद्याश्री सकाळपासून बसलेली असे. खाली यायचा जिना लाकडी आणि शिडीसारखा उभा. तळमजल्याच्या खोलीत शिवप्रसादच्या गुळाच्या ढेपा. मला चार बोल्ट ठोकून फरशीला जखडलेलं, आणि ती गजांच्या आड. दिवसभर आम्ही एकमेकांकडे पाहत असू. शिवप्रसाद वाईट नव्हता. बहिणीसाठी तो न चुकता फळं नेई. "तिला कशाला उन्हातान्हाची दगदग?" असं तो गिऱ्हाइकांना सांगे. तिला मात्र त्यानं कधी विचारलं नाही.

१९९८च्या उन्हाळ्यात तपासणीला टेलिफोन खात्याचे एक साहेब आले. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "विद्याश्री कुठं आहेत?"

"दवाखान्यात गेल्याती आज," शिवप्रसाद म्हणाला.

तेवढ्यात वरून आवाज आला. "साहेब, वर बघा. मी हितं हाय. चार वरसं हितंच हाय."

साहेबांनी मान वर केली. शिवप्रसादनं मान खाली घातली. बोळातली माणसं थांबून बघायला लागली.

"उद्यापासून त्या स्वतः बसल्या तर बूथ राहील," साहेब म्हणाले. "नाहीतर मंजुरी रद्द होईल."

ते गेल्यावर शिवप्रसाद चिडून वर बघत म्हणाला, "आता रोज तुला उचलून कोण आणणार?"

"कुणी नको, अण्णा. पायरी पायरी बसत उतरीन की मी."

आणि दुसऱ्या सकाळी ती उतरली. बसून, हातांवर जोर देत, एकेक पायरी. तिची आई शांतव्वा जिन्याच्या वर पदर तोंडाला लावून उभी होती. विद्याश्री सरकत रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली, आणि मित्रांनो, त्या दिवसाची लाज मला आजही वाटते. माझी पायरी उंच होती, दार अरुंद होतं. ती कशीबशी आत शिरली, तर फोन ठेवलेली फळी तिच्या डोक्याच्याही वर राहिली. फोनपर्यंत तिचा हात पोचेना. माझ्यावर नाव तिचं होतं, आणि मी तिलाच आत घेऊ शकत नव्हतो.

तिनं आकाराम मिस्त्रींना निरोप धाडला. ते आले, आणि ती बसल्या जागेपासून फळीपर्यंत त्यांनी टेप धरला. मग म्हणाले, "पोरीच्या नावानं केला, पण पोरीचं मापच घेतलं न्हाई मी." त्यांनी तिथंच माझी एक बाजू कापली, पायरी काढली, फळी खाली आणली. पत्रा कापताना ठिणग्या उडत होत्या. मला दुखलं नाही.

पुढची सहा वर्षं ती माझ्यात बसली. कोडोलीहून बाजाराला येणारे एक म्हातारबाबा होते, त्यांना आकडे कळत नसत. विद्याश्री त्यांच्या लेकीचा नंबर लावून देई. बोलून झाल्यावर बाबा म्हणत, "आज जेवान गोड लागंल बघ."

पण ती सुटली होती असं समजू नका. खाली न्हाणी नव्हती, संडास नव्हता. म्हणून सकाळी उतरली की संध्याकाळपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. उन्हात ओठ सुकत, तरी ती हसून फोन जोडून देई. संध्याकाळी पुन्हा तोच जिना. तळमजल्याची खोली तिनं मागितली, तेव्हा शिवप्रसाद म्हणाला, "मग ढेपा कुठं ठेवू?"

२००४ साली अनुजा नावाची एक बाई माझ्याकडे फोन करायला आली. ती एका संस्थेत काम करायची. संस्थेनं गावाबाहेर अपंगांसाठी आठ घरं बांधली होती. सगळी जमिनीलगत, उंबरा नाही, दारं रुंद. शेजारीच गणवेश शिवायचा कारखाना. विद्याश्रीनं त्याच दिवशी अर्ज लिहिला.

घर मिळालं, तेव्हा शिवप्रसाद माझ्यासमोर येऊन बसला. "लोक म्हणतील, बहिणीला घराबाहेर काढलं."

"लोकांस्नी म्हणू दे, अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "मला न्हाणीपतोर जायचं हाय. कुणाला हाक न मारता."

शिवप्रसाद उठला. त्यानंच रिक्षा आणली. रिक्षात बसताना तो तिला उचलायला पुढं झाला, तशी ती म्हणाली, "नको. मी चढीन."

तोवर माणसांच्या खिशात मोबाईल आले होते. फोन परत गेला, मला कुलूप लागलं. कापलेल्या बाजूवर कुणीतरी पत्रा ठोकला. आता ऊन तापलं की मी तापतो, पाऊस आला की गंजतो. इथून हलता येत नाही. पण मी पत्र्याचा आहे, माझं चालून जाईल.

मित्रांनो, माणसाचं तसं चालत नाही. तुमच्या गल्लीतही एखादं नाव असेल, जे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्याचं माणूस कधी दिसत नाही. त्याच्या घरी जा. काय हवंय ते विचारा. घरचे उत्तर देतील, तेही ऐकून घ्या. आणि मग थोडं थांबून, त्या माणसाकडे वळून, पुन्हा विचारा.