दर तासाला एक बाटली

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात इस्त्रीच्या खात्यात चौदा बायका होत्या आणि त्यांच्यावर देखरेखीला धाकटी होती. धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. थोरली तिच्याच हाताखाली गरम रोलरवर चादरी लावायची. आई गेल्यावर थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घालून, प्रसंगी कान पिळून लहानाचं मोठं केलं होतं. खात्यात मात्र ती सगळ्यांसारखीच तिला ‘बाई’ म्हणायची, आणि म्हणताना हळूच डोळा मिचकावायची.

उन्हाळा चढला तशी वाफेच्या नळ्यांनी खात्याची भट्टी झाली. एका दुपारी एक बाई हातातल्या चादरीसकट खाली कोसळली. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून तिला सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी ती हसत कामावर आली, पण धाकटीने धसका घेतला तो घेतलाच. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दर तासाला एक बाटली. संपवलीच पाहिजे.’ आणि कोण पितं, कोण नाही हे बघत स्वतः फिरायला लागली.

बायका कसल्या ऐकतात! तिची पाठ वळली की अर्धी बाटली मोरीत. थोरलीला ते जमेना. ‘बहिणीच्या जिवावर मजा आहे हिची,’ हे टोमणे ती वर्षभर ऐकत आली होती. त्यामुळे बाईचा हुकूम पाळण्यात तिचाच नंबर पहिला. त्यात तिला ब्लडप्रेशर. मीठ तिने कधीच सोडलं होतं आणि लघवी जास्त होण्याची गोळी रोज चालू होती. उकाड्याने घास गिळवत नव्हता. डबा भरलेलाच घरी जायचा, बाटल्या मात्र आठच्या आठ रिकाम्या.

एका सकाळी ती म्हणाली, “डोकं ठणकतंय गं. मळमळतंय.”

“पाणी कमी पडतंय,” धाकटी म्हणाली आणि स्वतःच्या हाताने तिला आणखी एक बाटली पाजली. तासाभराने दुसरी.

दुपारी थोरली रोलरपाशी चादर उलटी धरून उभी राहिली. “ही कुणाची साडी?” तिने विचारलं. बायका हसल्या. धाकटीही हसली. पुढच्याच क्षणी थोरलीचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि ती जमिनीवर आचके द्यायला लागली.

हॉस्पिटलात डॉक्टर कागद बघत म्हणाली, “रक्तातलं सोडियम एकशे चौदावर आलंय. एकशे पस्तीसच्या वर हवं. पाणी किती पीत होत्या?”

“भरपूर, डॉक्टर. मी लक्ष ठेवून होते,” धाकटी अभिमानानेच म्हणाली.

डॉक्टरने मान वर केली. “घामातून मीठ जातं, गोळीने जातं. पोटात अन्न नाही आणि वरून नुसतं पाणी. उरलंसुरलं मीठही पातळ झालं आणि मेंदूला सूज आली.”

“मग भराभर मीठ चढवा ना!”

“जीव वाचवण्यापुरतं चढवलंय. आता घाई केली तर मेंदूला कायमची इजा होईल. हळूहळूच वाढवायचं.”

ते ‘हळूहळू’ दोन दिवस चाललं. दर काही तासांनी नर्स रक्त नेई आणि नव्या आकड्यासाठी धाकटी तिच्या तोंडाकडे बघत बसे. एकशे सतरा. एकशे एकवीस. मध्येच थोरली डोळे उघडून तिला “आई” म्हणाली.

तिसऱ्या दिवशी थोरली शुद्धीवर आली. बहिणीला ओळखून चहा मागितला तेव्हा कुठे धाकटी थेट कारखान्यात गेली. फळा पुसून बायकांना म्हणाली, “माझं चुकलं. तहान लागेल तसं प्या. फार घाम आला तर साखर-मिठाचं पाणी घ्या. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आणि उपाशी राहू नका.” बायका आपापल्या कामाला वळल्या. तिला वाटलं, कुणीतरी शिवी द्यावी.

आठवड्याने थोरली घरी आली. कारखान्यातला तो दिवस तिला आठवत नव्हता. धाकटीने सगळं सांगितलं; डोकं दुखतंय म्हटल्यावर आपणच दोन बाटल्या पाजल्या, तेही.

थोरली उशीला टेकून ऐकत राहिली. “तुला सगळं मीच घोटून पाजलं होतं,” ती म्हणाली. “त्याची फेड केलीस होय?” दोघींना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

“मोरीत ओतायचं होतंस गं,” धाकटी म्हणाली.

“तू बघत होतीस ना.” थोरली सरळ होऊन बसली. “मी घडी घालायच्या खात्यात जाते. तिथली बाई परकी आहे. तिला तोंडावर नाही म्हणता येईल मला.”

“आणि मला?”

“तुला म्हणता आलं नाही,” थोरली म्हणाली. “घरी येत जा, रोज ये. पण तुझ्या हाताखाली नको.”

बदलीच्या अर्जावर खात्याच्या बाईची सही लागायची. सोमवारी धाकटीने ती केली आणि कागद स्वतःच वरच्या मजल्यावर ऑफिसात नेऊन दिला.