अर्धा बुडबुडा

त्यांचं खरं नाव स्टुडिओत फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते पाणसळ. गवंडी भिंतीवर काचेची जी नळी ठेवतो आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की मान डोलावतो, ती पाणसळ. चालताना चित्र हलू न देणारा स्टॅबिलायझर अंगावर चढवून, त्यावर कॅमेरा लावून हा माणूस जिने चढला, उतरला, धावला, उलट्या पावली चालला, पण अठ्ठावीस वर्षांत त्याच्या चित्रात क्षितिज कधी तिरकं आलं नाही. कथा तिरक्या होत्या, नायकांचे विग तिरके होते. क्षितिज मात्र सरळ.

आणि आता, एकाहत्तराव्या वर्षी, जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारताना त्यांच्याच यंत्रावरच्या तशाच छोट्या नळीतला बुडबुडा अर्धी रेघ डावीकडे जाऊन बसला होता आणि हलायला तयार नव्हता.

झालं होतं असं, की स्टुडिओ बंद होणार होता. सोमवारी इमारत पाडणाऱ्यांच्या ताब्यात जायची होती. त्याआधी पाणसळांची भाची, जी आता स्वतः कॅमेरा चालवायची, जुन्या लोकांवर एक छोटी फिल्म करत होती. शेवटचा शॉट असा, की सगळे म्हातारे कर्मचारी मेकअपच्या खोलीतून निघून लांबलचक बोळातून फाटकापर्यंत चालत येतात आणि कॅमेरा त्यांच्या पुढे, उलटा चालत, मध्ये कुठेही न थांबता. भाचीनं फोन करून सांगितलं, मामा, हा शॉट तू घे. पण रविवारी अकराला आधी चाचणी. क्षितिज सरळ आलं तर तुझं यंत्र, नाहीतर माझी काठी.

काठी म्हणजे तिचं नवं मोटरवालं उपकरण. ते हातात धरलं की आतल्या तीन मोटरी कॅमेरा आपोआप सरळ ठेवतात. पाणसळांनी ते एकदा हातात घेऊन पाहिलं होतं आणि इतकंच विचारलं होतं, की मग धरणाऱ्यानं नेमकं काय करायचं.

फोनपाठोपाठ रीतसर पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'ज्येष्ठ कॅमेरामन यांना आग्रहाचं आमंत्रण.' बायकोनं ते दोनदा वाचलं, पाठीमागची कोरी बाजूही पाहिली आणि पत्र फ्रिजवर ठेवून दिलं.

"तू येणार ना?" पाणसळांनी विचारलं.

"मला कुठे बोलावलंय? आणि गुडघाही नाही म्हणतोय."

गुडघ्यानं खरोखरच काही म्हटलं होतं की नाही, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

उलटं चालणाऱ्या कॅमेरामनला मागचं दिसत नाही. म्हणून एकजण त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरतो आणि त्याला पायऱ्या, दारं, वायरी यांच्यातून नेतो. पाणसळांचा पट्टा पहिल्या दिवसापासून तिनंच धरला. तेव्हा ती वेशभूषा विभागात बटणं लावायची आणि त्यांची कोणी नव्हती. दुसऱ्या वर्षी लग्न झालं, पण कामाच्या वेळी पट्टा तसाच राहिला. स्टुडिओच्या नोंदवहीत अशा कामाची जागाच नव्हती. कारकून कल्पक होता. पट्टा धरते ना, मग त्यानं पद लिहून टाकलं : पट्टेवाली. त्यामुळे सव्वीस चित्रपट केलेल्या या बाईकडे अधूनमधून कोणीतरी फाइल द्यायचं आणि साहेबांकडे नेऊन ठेवा म्हणायचं. तीही नेऊन ठेवायची. कुठल्या साहेबांकडे, हे मात्र तीच ठरवायची, आणि काही फाइली आजतागायत सापडलेल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी पलंगाखालची पेटी निघाली. जाकीट, स्प्रिंगांचा दुमडता हात, आणि दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला चित्र दिसायचा छोटा पडदा नि बॅटरी, आणि मध्ये एक फिरतं कडं. त्या कड्यावर सगळा डोलारा तोललेला. स्टँडवर टांगलं तेव्हा बुडबुडा मधोमध होता. अंगावर घेतलं की अर्धी रेघ डावीकडे.

पाणसळ पद्धतशीर माणूस. त्यांनी दांडा आडवा धरला आणि सोडला. आडवा दांडा सरळ उभा व्हायला अडीच सेकंद लागले पाहिजेत. लवकर झाला तर खाली वजन जास्त, उशिरा झाला तर कमी. घड्याळ बघायला हात मोकळा नसतो, म्हणून ते तोंडानं एक वाक्य म्हणायचे, जे सावकाश म्हटलं की बरोबर अडीच सेकंदांचं व्हायचं.

"चहा झाला का गं?"

"दुसऱ्यांदा झाला," आतून उत्तर आलं.

नोकरीभर हेच चाललं होतं. स्टुडिओत समज असा होता, की या माणसाला चहाचं भयंकर वेड आहे. दर शॉटच्या आधी कोणीतरी धावत कप आणायचं. पाणसळांना मुळात चहा आवडत नव्हता, पण खुलासा करायला उशीर झाला होता.

तोल बरोबर निघाला. मग कडं उघडलं. आत वंगण वाळून गुळासारखं झालेलं. स्पिरिट नि जुना टूथब्रश घेऊन घासता घासता झाकणाखालून एक चंदेरी टिकली निघाली. कुठल्यातरी नर्तकीच्या पोशाखावरची. बायकोनं ती उजेडात धरली आणि लगेच सांगितलं, की ही जिन्यावरच्या गाण्यातली, तीनशे टिकल्या मी लावल्या होत्या, एक कमी भरली म्हणून मुख्य शिंपिणीनं मला आठवडाभर धारेवर धरलं होतं. आता तिला फोन करू का? शिंपीण जाऊन बारा वर्षं झाली होती. टिकली साखरेच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली गेली.

कडं आता लोण्यासारखं फिरत होतं. बुडबुडा डावीकडे.

शनिवारी त्यांनी कॅमेऱ्याची वायर बदलली, कारण जुनी कडक होऊन दांड्याला ओढते अशी शंका होती. स्प्रिंगांना शिलाई मशीनचं तेल घातलं, त्यांचं कुरकुरणं थांबलं. मग जमिनीवर संशय घेतला आणि गवंड्याची खरी पाणसळ आणून फरशी तपासली. फरशी निर्दोष सुटली. शेवटी ते काचेच्या नळीकडेच वाकड्या नजरेनं पाहू लागले.

"आता बुडबुड्याचं वय काढा," बायको शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाली.

एकच गोष्ट त्यांनी तपासली नाही. जाकिटावर, जिथे स्प्रिंगांचा हात बसतो, तिथे दोन स्क्रू होते. हात माणसाच्या अंगापासून डावी-उजवीकडे वाहवत जाऊ नये, म्हणून ते पहिल्या आठवड्यात दिवसभर खपून बसवलेले. स्क्रू हलला तर कळावं, म्हणून वेशभूषेतल्या त्या मुलीनं आपल्या नखांचा लाल रंग त्यांच्यावरून आडवा ओढला होता. ती रेघ अजून अखंड होती. म्हणजे स्क्रू हललेले नाहीत. पाणसळांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि ते पुढे गेले. हात उजवीकडे वाहवतो, आपण तो बोटांनी परत ओढतो, त्या ओढण्यानंच दांडा कलतो, इथवर त्यांना कळलं होतं. घोडं पुढे अडलं होतं, की स्क्रू जागचे असताना हात वाहवतो का. उत्तर एकच उरत होतं आणि ते एकाहत्तर वर्षांचं होतं.

रविवारी निघायच्या वेळी बायको चपला घालून दारात उभी. पेचकसांची पिशवी तुम्ही विसराल, म्हणून मी येते, असं तिचं म्हणणं. पिशवी पाणसळांच्या खांद्यावरच होती. दोघांनीही तो विषय काढला नाही.

बोळ तसाच होता. मध्ये दोन पायऱ्या, डावीकडे रंगाचे ओघळ असलेली भिंत, छतापाशी वाकलेला पाइप, ज्यावर आजवर प्रत्येक उंच नटानं डोकं आपटलं होतं. भाचीनं मामाचा पट्टा धरायला एक लाईटमन दिला. आडदांड, सज्जन माणूस. त्यानं पट्टा दोन्ही हातांनी मधोमध धरला आणि पाणसळांना जिन्यावरून कपाट उतरवावं तसं नेलं. पडले नाहीत. पण पडद्यावर दाराची चौकट भिंतीला टेकून डुलकी घेत असल्यासारखी दिसली. दुसऱ्यांदाही तीच डुलकी.

 भाचीनं काठीची पिशवी उघडली, तीही हळूच, चेनचा आवाज होऊ न देता. तो न झालेला आवाज पाणसळांच्या फार जिव्हारी लागला. ते जाकिटाचे बंद सोडू लागले. म्हणाले, "तुझ्या काठीनंच घे. यंत्र ठीक आहे. मीच कललोय."

"थांबा."

मोडक्या खुर्चीतून बायको उठली होती. गुडघ्याला तिनं विचारलंही नाही. लाईटमनला बाजूला करून ती नेहमीच्या जागी, मागे जराशी डावीकडे, उभी राहिली. ती डावखुरी. डाव्या हाताची चार बोटं पट्ट्यात गेली आणि पट्टा किंचित मागे, किंचित डावीकडे ताणला गेला.

"चला."

पाणसळांनी एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकलं. स्प्रिंगांचा हात निमूट जागेवर राहिला. त्यांनी बोटं सैल केली. बुडबुडा निघाला आणि मधोमध येऊन थांबला.

"दोन पायऱ्या," ती पाठीमागून म्हणाली. "पहिली. दुसरी. पाइप. तुम्हाला नाही लागत."

भाचीनं चाचणी सोडून थेट शॉटच सुरू केला; समोरून म्हातारे येत होते. मेकअपवाले, सुतार, तो कल्पक कारकून, सगळे अंग चोरून, घड्याळ चुकवून उशिरा आल्यासारखे. फाटकापर्यंत पडद्यावरची प्रत्येक चौकट उभीच्या उभी होती.

शॉट संपल्यावर भाचीनं विचारलं, काय बिघडलं होतं? पाणसळ म्हणाले, की काही नाही, ते स्क्रू बसवले तेव्हाच मागून एक ओढ होती. ते त्या ओढीसकट बसलेत.

"म्हणजे इतकी वर्षं तू सरळ नव्हतासच?"

"मी कधी म्हणालो?"

 भाचीनं वही काढून मामीला विचारलं, की फिल्मच्या शेवटी नावांच्या पाटीवर तुझं नाव कसं लिहू, काय म्हणून लिहू.

मामी वहीवर वाकली. "पट्टेवाली लिही. आणि यांच्या नावाच्या शेजारी. खाली नाही."

कारकून जवळच उभा होता. त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

मग तिनं पट्ट्यातून हात काढला. जाकीट अजून अंगावरच होतं, कॅमेरा बंद. बुडबुडा सावकाश अर्धी रेघ डावीकडे गेला आणि तिथे थांबला. पाणसळांनी तो पाहिला. पेचकसांची पिशवी हाताशी होती. त्यांनी ती उघडली नाही.

"चहा झाला का गं?" ते म्हणाले.

"तुम्हाला आवडत नाही," ती म्हणाली. "चला घरी."