वेडावाकडा फोटो

शनिवारी नावोतासच्या आमच्या गल्लीत मदत संस्थेची फुकट पेज असते. तांदूळ त्यांचा, आलं त्यांचं, ढवळायचा हात माझा. अंडं घाल म्हणून पोरं मागे लागतात, तेव्हा मी वाटीत आल्याचा तुकडा टाकते. त्यांनी मनापासून शिव्या दिल्या की मग अंडं देते.

संस्थेच्या मॅम चारिना एरवी गोड बाई. पण यंदा देणग्या गोळा करायला त्यांना मोठा फलक हवा होता, आणि त्यावर हवी होती अनालिन. सात वर्षांची पोर. काय डोळे आहेत हिचे, म्हणाल्या, बघणाऱ्याचा हात आपोआप खिशात जाईल.

हे डोळे असे झाले त्याला कारण आहे. मोटारसायकलवरून दोघं आले आणि तिच्या बापाला दारातच गोळ्या घातल्या. पोर तिथंच उभी. एकानं तिची हनुवटी वर करून तोंड नीट बघून घेतलं आणि मग गेला. तो अजून बाजारात कॉफी पीत बसतो. म्हणून तिच्या आईचं, रोसेल्दाचं, एकच मागणं होतं: जेवू घाला, फोटो नको.

मी मॅमना म्हटलं, तिची आई घाबरते, दुसरं कुणी घ्या. त्या म्हणाल्या, फलक हॉटेलात लागणार, आणि एक फक्त इथं बास्केटबॉलच्या कोर्टावर. कोर्ट म्हणजे बाजाराचं तोंड, असं मी सांगितलं.

"आलिंग पासिंग," त्या मला मावशीचा मान देत हसून म्हणाल्या, "तुम्ही आल्याचं बघा."

बघते म्हटलं. माझं डोकं पातेल्यापेक्षा जास्त तापलं होतं.

फोटोच्या शनिवारी भरलेल्या वाट्या बाजूला निवत राहिल्या आणि पोरांच्या हातात रिकाम्या आल्या. हसायचं नाही, वाटीत बघायचं, असं मॅमचं फर्मान निघालं. आता, आमच्याकडे फोटो दोन निघतात. पहिला शहाण्यासारखा, दुसरा वॅकी, म्हणजे हवा तेवढा वेडावाकडा. मी पहिल्याची वाटच बघितली नाही. पातेल्यावर पळी हाणली आणि ओरडले, "वॅकी!"

जिभा बाहेर आल्या, नाकं वर गेली, वाट्या डोक्यावर चढल्या. अनालिननं तर वाटी तोंडावरच धरली. मॅमनी पुन्हा रांग लावली, मी पुन्हा पळी हाणली. फोटोवाला इथलाच, तो हसून हसून खाली बसला.

मॅम मात्र हसल्या नाहीत. सरळ अनालिनपाशी गेल्या, वाटी काढून घेतली आणि हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

पोरीची चड्डी ओली झाली.

मी मध्ये घुसले. मॅमच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, "बापाला मारणाऱ्यानंही तिला असंच धरलं होतं. तो इथंच राहतो. हात काढा, नाहीतर ही पळी उकळत्या पेजेतली आहे."

हात निघाला. माफी वगैरे काही नाही. इथल्या लोकांना कदर नाही म्हणाल्या, आणि तांदळाची पोती परत गाडीत चढली.

आता पेज पलीकडच्या गल्लीत मिळते. बाया मला शिव्या घालतात, त्यांचं बरोबरच आहे, त्यांची पोरं उपाशी आहेत. कोर्टावर फलक लागलाय. त्यावर त्या गल्लीतली दुसरीच एक पोर आहे, डोळे तसलेच. तिचा बाप कसा गेला ते बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी शिडी मागून आणलीय आणि काळा रंगही. फलकावरच्या पोरीला चष्मा आणि मिशा दोन्ही रंगवणार आहे, भरपूर जाड, तिच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही अशा.