वीस बिया आणि एक भुकेला सिंह

हा आठवडा धड पार पडला असता, तर आजोबांच्या पदरात रोजचे पाच तास पडणार होते. अकरा ते चार, सोमवार ते शुक्रवार, दोन नातवंडांसकट आणि कायमचे. बदल्यात सोडायचं होतं ते दुपारची झोप, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आणि खुर्चीत बसून भिंतीकडे बघण्याचा हक्क. बायको गेल्यापासून दुपार त्यांना खायला उठायची. तेव्हा सौदा कुठल्याही अंगाने पाहिला तरी फायद्याचाच होता, आणि हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते सुनेसमोर, आपण तिच्यावर उपकार करतो आहोत, असा चेहरा करून बसले होते.

सून काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू होत होती. तिच्या पर्समध्ये ऑफिसशेजारच्या पाळणाघराचा अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त सही बाकी.

"बाबा, एक आठवडा बघू या," ती म्हणाली होती. "शुक्रवारी संध्याकाळी ठरवू. माझी अट एकच. बाळाच्या तोंडात जाईल असं बारीक काहीही खाली येता कामा नये. बटण नाही, मणी नाही, काही म्हणजे काही नाही."

"अगं, चौतीस वर्षं धान्याचं गोदाम सांभाळलंय मी."

"गोदाम रांगत नव्हतं, बाबा."

यावरचं उत्तर आजोबांना मंगळवारी सुचलं, पण तोवर उशीर झाला होता.

चार वर्षांच्या नातीला घरात सगळे ताईसाहेब म्हणत, आणि ती ते मान्य करून चाले. दहा महिन्यांचा तो बाळोबा. ताईसाहेबांच्या बालवाडीने सुट्टीत घरी करायच्या खेळांचा एक कागद पाठवला होता. विषय प्राणी. आजोबांनी तो फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि माल उतरवून घेताना यादी घेऊन उभे राहायचे, तसे रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहू लागले. सोमवारी जमिनीवर चिकटपट्ट्या लावून बेडूकउड्या झाल्या. त्यात गुडघे कामी आले. मंगळवारी पिठाच्या गोळ्यावर खेळण्यातल्या प्राण्यांचे पाय उमटवून 'हे पाऊल कुणाचं' झालं. बुधवारी प्रत्येक प्राण्याला त्याच्या घरी पोचवलं. मधमाशीला पोळ्यात ठेवून ताईसाहेब म्हणाल्या, "आजोबा, तुझं घर कुठलं?" "हेच," आजोबा म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

गुरुवारी होता भुकेला सिंह. बुटांच्या खोक्याला सिंहाचं तोंड कापायचं, फासा टाकायचा, जितके ठिपके पडतील तितके घास सिंहाला भरवायचे. घास म्हणून कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: कापसाचे मोठे गोळे किंवा बाटल्यांची झाकणं. घरात कापूस नव्हता. झाकणं शोधून शोधून चार सापडली. दुसरा कुणी असता तर मोजे गुंडाळले असते, कागदाचे बोळे केले असते. पण ज्याने आयुष्यभर दाणेच मोजले, त्याला मोजायचं म्हटलं की दाणाच दिसतो. आजोबांनी बरणीतून लाल घेवड्याच्या बिया काढल्या, चांगल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या. मोजून वीस. वाटी टेबलावर ठेवली, खुर्चीवर ताईसाहेबांना बसवलं आणि बाळोबाला पलीकडे, उशांच्या तटबंदीत. सुनेची अट त्यांना आठवली नाही असं नाही. टेबल उंच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेलं माणसाला फार लवकर पटतं.

सिंहाची आयाळ पिवळ्या कागदाची होती. उरलेल्या पट्टीची दुसरी आयाळ करून आजोबांनी ती गंमत म्हणून बाळोबाच्या गळ्यात घातली. "हा बघा खरा सिंह. दात दोनच आहेत, पण गर्जना बघा!" बाळोबाने खरोखरच गर्जना केली. ताईसाहेब हसून हसून खुर्चीवरून घसरायला आल्या.

पहिल्यांदा फाशावर चार पडले, मग तीन, मग दोन. नऊ बिया खोक्यात गेल्या. प्रत्येक फाशाची ताईसाहेबांनी वहीत एक-एक रेघ ओढली. आजोबांची शिस्तच तशी होती. तेवढ्यात बाळोबाच्या दुधाची वेळ झाली म्हणून ते आत गेले. बाटली कोमट करून परत यायला दोन मिनिटं लागली असतील.

बाहेरून खोकल्याचा आवाज आला. मग आवाजच बंद झाला. आजोबा धावले.

ताईसाहेब उशांच्या आत, बाळोबासमोर मांडी घालून बसल्या होत्या. वाटी मांडीवर. बाळोबाचा चेहरा टोमॅटोसारखा लाल, डोळे भरलेले. आजोबांनी त्याला उचलून हातावर पालथं धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. लाळेबरोबर दोन बिया जमिनीवर पडल्या. बाळोबा पुन्हा खोकला, मोठ्याने रडला, आणि मिनिटभराने, काहीच झालं नाही अशा थाटात, आजोबांचा चष्मा ओढू लागला.

"तू याला बिया दिल्यास?"

"खोक्याचं तोंड फाटलं," ताईसाहेब म्हणाल्या. खोक्याचा जबडा खरंच लोंबत होता. "मग मी या सिंहाला दिल्या. पाच पडले ना! पाच दिल्या. नीट मोजून."

आजोबांचे हात आपोआप कामाला लागले. दोन बिया जमिनीवरच्या. एक आयाळीच्या घडीत. एक बाळोबाच्या मांडीखाली, ओली. चार. वाटीत सहा, खोक्यात नऊ. एकोणीस.

पुन्हा मोजल्या. एकोणीस. त्यांनी उशा झटकल्या, चादर झटकली, टेबलाखाली पालथं पडून हात फिरवला. बाळोबाचे कपडे काढले, लंगोट उलटा करून पाहिला. ताईसाहेबांच्या मुठी, खिसे, तोंड.

"तू खाल्लीस एक? रागवणार नाही. खरं सांग."

"मी काय सिंह आहे?"

गिळली असेल, आजोबा मनाशी म्हणाले. गिळली असेल तर उद्या-परवा बाहेर येईल, सुनेला कळायचंसुद्धा नाही. बाळोबा समोर हसत होता. श्वास चालू होता. दुधाची बाटली बघून त्याने हात पुढे केले. आजोबांनी बाटली उचलली आणि का कोण जाणे, पुन्हा खाली ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. सुनेची जेवणाची सुट्टी.

"काय चाललंय, बाबा?"

"सिंह," आजोबा म्हणाले.

"दंगा?"

"नाही, नाही. तसं सगळं ठीक आहे."

"दमला असाल. उद्याचा एक दिवस, मग मी तो अर्ज फाडून टाकते बघा. खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल."

आजोबांनी फोन ठेवला. हवं होतं ते ऐकायला मिळालं होतं, आणि अगदी त्याच क्षणी त्यांची नजर खाली ठेवलेल्या बाटलीवर गेली. बाटली का खाली ठेवली, ते त्यांना आता कळलं. फार वर्षांपूर्वी गोदामाचा एक कोपरा गळला होता. तिथे घेवड्याची पोती रचलेली. संध्याकाळी त्यांनी पाहिलं तेव्हा पोती नुसती ओलसर होती. सकाळी बघू म्हणून ते घरी गेले. सकाळी पोत्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. सुकी बी गरीब असते. ओल लागली की ती आपल्याला हवी तेवढी जागा करून घेते. पोटात गेली असेल तर हरकत नाही, तिथे जागा आहे. पण भलत्या नळीत गेली असेल तर?

त्यांनी बाळोबाच्या छातीला कान लावला. काही कळेना. स्वतःचंच काळीज धडधडत होतं.

त्यांनी सुनेला फोन लावला. तिने उचलेपर्यंत तो चार वेळा वाजला, आणि त्या चार वेळांत ते दोनदा फोन ठेवून द्यायला निघाले.

"मघाशी मी खोटं बोललो. बाळोबाच्या तोंडात घेवड्याच्या बिया गेल्या. चार मिळाल्या, एक मिळत नाही. तो खेळतोय, पण मी त्याला घेऊन दवाखान्यात निघालोय. तू थेट तिकडेच ये."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. मग, "निघाले," एवढंच.

खालच्या मजल्यावर लोकांना गाडी शिकवणाऱ्या बाई राहत. ताईसाहेबांना शेजारच्या घरात सोपवून आजोबांनी बाईंचं दार वाजवलं तेव्हा त्या हातात किल्ली घेऊनच उभ्या होत्या. शिकाऊ माणूस बाहेर थांबला होता. "तुम्ही आज सुटलात," असं त्याला सांगून त्यांनी गाडी काढली. "काका, धरून बसा. शिकवते तशी चालवणार नाहीये मी." गाडी खरोखरच तशी चालली नाही. बाळोबा मांडीवर एकदा खोकला, एकदाच, आणि आजोबांनी त्या खोकल्यानंतरचा प्रत्येक श्वास मोजला.

सून आधीच दाराशी होती. तिने बाळाला घेतलं. आजोबांकडे पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होती आणि सावध. तिने दोन्ही बाजूंनी छाती तपासली, फोटो काढला, पुन्हा तपासली. "फोटोत काही दिसत नाही. बी दिसतही नाही फोटोत. उजवीकडे आवाज किंचित कमी वाटतोय, पण हा रडून आलाय, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खात्री करायची तर भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घालावी लागेल. एवढ्याशा बाळाला उगीच भूल द्यायला मला आवडत नाही. प्रश्न एवढाच आहे की, बी खरंच कमी आहे का? घरात कुठे घरंगळली असेल. मुळात एकोणीसच घेतल्या असतील."

"वीस होत्या," आजोबा म्हणाले.

"आजोबा, माणसाची चूक होते."

"होते. आज माझी झालीय, ती कुठे झाली ते मला माहीत आहे. मोजण्यात नाही झाली."

डॉक्टरने सुनेकडे पाहिलं. आता सगळं एका म्हाताऱ्याच्या मोजणीवर येऊन टेकलं होतं. ती चुकली असेल, तर निरोगी बाळाला त्यांच्यापायी भूल मिळणार होती. आजोबांना स्वतःचाच संशय यायला लागला. बरणीतून काढताना दोन चिकटून आल्या होत्या का? अठराच्या पुढे ताईसाहेब काहीतरी बोलल्या होत्या का?

सुनेने आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यांची मोजणी चुकत नाही," ती डॉक्टरला म्हणाली. "द्या भूल. कुठे सही करू?"

"दूध कधी प्यालाय?"

"सकाळी आठला," आजोबा म्हणाले. "बाराचं मी दिलं नाही."

पाऊण तास दोघं एका बाकावर बसली होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मग डॉक्टर बाहेर आली. तिच्या हातात छोटी डबी होती. बी उजवीकडच्या नळीत होती. साल फुटलं होतं, आणि ती फुगून मूळच्या दीडपट झाली होती. "सकाळपर्यंत थांबला असता, तर आपण वेगळं काही बोलत असतो," डॉक्टर म्हणाली. "आता धोका नाही. दोन रात्री ठेवू."

सून भिंतीला टेकून रडली. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून उचलला आणि परत आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, "बिया त्याच्यापर्यंत पोचल्या कशा? तुम्ही तर टेबलावर खेळता ना? ताईने दिल्या का?"

प्रश्न साधा होता. खरं उत्तरही साधं होतं, आणि त्यात आजोबांचा भार थोडा हलका झाला असता. पण चार वर्षांची पोर त्या उत्तराखाली किती वर्षं राहील, याचा त्यांनी अंदाज घेतला. तिने तर सांगितलेलं सगळं बिनचूक केलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "वाटी मीच त्याच्यासमोर खाली ठेवून आत गेलो. ती खुर्चीवरच होती."

चौतीस वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली खोटी नोंद. सुनेने ती तपासली नाही.

"उद्या मी पाळणाघराच्या अर्जावर सही करणार आहे, बाबा."

"कर."

"मला राग नाही. म्हणजे आहे. पण त्यासाठी नाही करत."

"कळतं मला."

हिशेब लावायचा तर असा लागतो. बाळोबाने दोन रात्री आणि बसलेला घसा भरला. सुनेने कामावर परतल्यानंतरची पहिली रजा भरली, आणि आजही ती जेवताना त्याच्या घासाकडे बघत राहते. खालच्या बाईंनी एक शिकाऊ गमावला. ताईसाहेबांना काहीच भरावं लागलं नाही. उरलेली सगळी रक्कम आजोबांनी भरली: अकरा ते चार, सोमवार ते शुक्रवार.