चार नंबरच्या खोलीतले उलटे स्टूल

मित्रांनो, मी दवाखान्यातले एक जुने लोखंडी स्टूल आहे. सध्या मी चारही पाय वर करून कोपऱ्यात असतो. मला काहीही झालेले नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण येणारा-जाणारा "अरेरे, मोडलं वाटतं" म्हणून हळहळतो आणि ते माझ्या फार मनाला लागते.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. कारागिराने माझे तीन पाय अगदी सारखे कापले. चौथ्याच्या वेळी त्याला फोन आला. त्यामुळे मी आयुष्यभर किंचित डुगडुगतो. "चालतंय," असे म्हणून त्याने मला पांढरा रंग फासला आणि मी चार नंबरच्या खोलीत डॉक्टरांच्या टेबलाशेजारी रुजू झालो. पेशंटला खुर्ची, नातेवाइकाला मी, अशी वाटणी होती.

नातेवाईक हा प्राणी मी जवळून, म्हणजे खालून, पाहिला आहे. आया नेहमी टोकावर बसतात. आजोबांना काही विचारले नसले तरी उत्तर तेच देतात. एका काकांनी पुतण्याच्या पोटदुखीसाठी येऊन स्वतःचा गुडघा तपासून घेतला. पुतण्या तसाच घरी गेला. माझ्यावर सगळेच डुगडुगायचे. एकच माणूस असा होता, की तो बसला की मी जागचा हलायचो नाही.

तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा नवरा. त्या बाईंना मी शिवणताई म्हणेन. त्यांची पिशवी तो उचलायचा, दार तो उघडायचा, औषधांच्या वेळा तो पाठ करायचा. बाहेरच्या बाकावरच्या बायका म्हणायच्या, "नवरा असावा तर असा!" मीही म्हणायचो. मनातल्या मनात.

पहिल्यांदा शिवणताई आल्या तेव्हा कपाळाला खोक पडली होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी त्यांना विचारले.

"स्टूलवरून पडली," नवऱ्याने उत्तर दिले. "वरच्या फळीवरचा डबा काढत होती. शंभरदा सांगितलं, मला हाक मार. ऐकेल तर शपथ!"

मित्रांनो, मी त्याच्या खालीच होतो! माझ्यावर बसून, माझ्यादेखत, माझ्याच जमातीवर आरोप! मला असा धक्का बसला की मी डुगडुगायचेही विसरलो. डॉक्टरांनी केसपेपरवर निळ्या शाईत लिहिले : स्टूलवरून पडली.

दोन महिन्यांनी मनगट सुजले. कारण : स्टूल. मग गाल काळानिळा झाला. कारण : स्टूल. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्यांच्या घरातल्या त्या माझ्या नालायक भावबंदाला मी मनात रोज पत्र लिहायचो : "अरे, पाय घट्ट रोवून उभा राहा. एक बाई तुला सांभाळता येत नाही?"

चौथ्या वेळी डॉक्टरांना शंका आली. आमचे डॉक्टर फार हळवे. इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी तेच डोळे मिटतात. त्यांनी विचारले, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

विचारले खरे, पण नवऱ्यासमोर. नवरा-बायकोच्या मध्ये टेबलाचा एक कोपरा होता फक्त.

"अगं, सांग ना," नवरा हसला. "मी काय राक्षस आहे का?"

डॉक्टर हसले. शिवणताईही हसल्या. त्यांची नजर मात्र त्याच्या गुडघ्यांवर होती.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यावर डॉक्टर थांबले असते तरी बरे झाले असते. पण निघताना त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा जपा हो बायकोला. मला वेगळीच शंका येतेय." मग खुर्चीत बसून ते समाधानाने ग्लासभर पाणी प्यायले.

आठ दिवसांनी शिवणताई पुन्हा आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. कात्री धरायचा तो हात. नवरा सवयीने माझ्याकडे वळला, आणि तेवढ्यात खोलीत सिस्टर आल्या. जाड भिंगांच्या या सिस्टर नुकत्याच बदली होऊन आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी मला उचलले, उलटे केले आणि कोपऱ्यात ठेवले.

"बाहेर बसा. स्टूल मोडलंय."

मित्रांनो, एवढे धडधडीत खोटे मी आयुष्यात ऐकले नव्हते! मी मोडलो नव्हतो! मी फक्त डुगडुगत होतो!

"मी उभा राहतो ना," नवरा म्हणाला.

"उभं राहायची जागा पण मोडलीय."

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"हो, दिसतंय. तपासताना आत कुणीच नसतं. सगळ्यांना एकच नियम. सकाळी एका आजींचे आजोबासुद्धा बाहेर बसले, आणि त्यांची तर कवळी आजींच्या पिशवीत होती."

नवरा बाहेर गेला. सिस्टरांनी दार लावले, हात धुवायचा नळ सोडला आणि तो तसाच वाहता ठेवला. बाहेर आता फक्त पाण्याचा आवाज जात होता. मग त्या शिवणताईंच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसल्या.

"ताई, हे मी इथं येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते. घरी कुणी मारतं का? सांगायचं नसेल तर नका सांगू, उपचार तेच मिळतील. मी तुमच्या परवानगीशिवाय बाहेर एक अक्षर बोलणार नाही."

"स्टूलवरून पडले," शिवणताई म्हणाल्या.

सिस्टरांनी हाताची पट्टी सोडायला घेतली. खरे का, कशी, कधी, काही विचारले नाही. नळ वाहत राहिला. शिवणताईंचे लक्ष माझ्याकडे गेले. उलटा, पाय वर. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात स्टूलच नाही."

मी सुन्न झालो. दोन वर्षे ज्याला मी शिव्या घातल्या, ज्याला पत्रे लिहिली, तो भावबंद जन्मालाच आला नव्हता. आणि जो खरोखर मारत होता, त्याला मी माझ्या डोक्यावर बसवून घेतले होते. डुगडुगलोसुद्धा नव्हतो.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या. "यात तुमची काही चूक नाही."

एवढेच. पण शिवणताई रडल्या ते यावर.

मग शिवणताईंना विचारून सिस्टरांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना मधल्या दाराने बोलावले. ऐकून ते पांढरेफटक पडले. "पण मी तर त्यांना समजावलं होतं!"

"म्हणूनच हे झालं," शिवणताई हाताकडे पाहत म्हणाल्या. "घरी गेल्या गेल्या विचारलं, डॉक्टरला काय काय सांगितलंस? मी तर काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही चांगले आहात हो. तुमच्या चांगुलपणाचीच भीती वाटायला लागलीय."

डॉक्टर मटकन खाली बसायला निघाले, तेही माझ्यावर. माझे चारही पाय वर आहेत हे त्यांच्या अगदी वेळेवर लक्षात आले.

त्या दिवशी केसपेपरवर पहिल्यांदा शिवणताईंचे शब्द जसेच्या तसे उतरले : "नवऱ्याने मारले." शरीराच्या चित्रावर एकेक जखम, नवी आणि जुनी, खूण करून दाखवली गेली. तो कागद शिवणताईंसोबत घरी जाणार नव्हता. तो कुलुपात गेला.

"आज घरी जाणं धोक्याचं आहे का? तो जिवावर उठेल असं वाटतं?" सिस्टरांनी विचारले.

"आज नाही. आज तो माफी मागायच्या मूडमध्ये आहे. आणि चार वाजता मुलगी शाळेतून येईल. मला जायलाच हवं."

डॉक्टर "नका जाऊ" म्हणायला तोंड उघडत होते. सिस्टरांच्या भिंगांनी त्यांच्याकडे पाहिले. डॉक्टरांनी तोंड मिटले.

गुरुवारी दवाखान्यात समुपदेशक बाई बसतात. त्या राहायची सोय, पोलीस, वकील, सगळी वाट दाखवतात. त्यांचा नंबर द्यायचा होता. पण चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागली तर? फोन तर तो रोजच तपासायचा. शिवणताईंनी पिशवीतून गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली.

"हिला तो हात लावत नाही. सांगा."

आणि सिस्टर नंबर सांगू लागल्या, शिवणताई डाव्या हाताने तो मापे म्हणून लिहू लागल्या : गळा अठ्ठ्याण्णव, बाही सात, कंबर एकतीस...

"एवढ्या गळ्याचं कोण गिऱ्हाईक?" डॉक्टरांनी घाबरून विचारले.

"आहे एक. मीच तिला अजून पाहिलेलं नाही," शिवणताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा खरोखर हसल्या.

दार उघडताच नवऱ्याने विचारले, "काय म्हणाली?" डॉक्टरांचा हात त्याच्या खांद्याकडे निघाला होता. तो त्यांनी खिशात घातला. "कानाचा पडदा फाटलाय. दर गुरुवारी तपासणी. आत एकटीच." बस्स. न चिडण्याची एवढी मेहनत मी कुणाला करताना पाहिले नाही.

पहिल्या गुरुवारी शिवणताई आल्या. दुसऱ्या गुरुवारी आल्या नाहीत. सिस्टर दिवसभर दाराकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी एका पेशंटचे वजन दोनदा केले. फोन करायचा नाही, असे ठरलेले होते. त्या दिवशी मला कळले की थांबणे हेसुद्धा दवाखान्यातले एक काम आहे आणि ते सर्वांत जड आहे.

तिसऱ्या गुरुवारी दार उघडले. शिवणताई, सोबत दप्तर घेतलेली मुलगी, आणि चांगल्या हाताने छातीशी धरलेला शिलाई मशीनचा लोखंडी वरचा भाग. एवढेच सामान. नवरा कामावर होता.

"सिस्टर, बाई येईपर्यंत हे कुठं ठेवू? फार जड आहे."

सिस्टरांनी मला सरळ केले. मशीन माझ्यावर बसले. मित्रांनो, आजवर बसलेल्या नातेवाइकांत एवढे जड आणि एवढे गप्प कुणीच नव्हते. मुलगी मला धरून उभी राहिली, मी डुगडुगू नये म्हणून. तासाभराने समुपदेशक बाई त्या दोघींना आणि मशीनला मागच्या दाराने घेऊन गेल्या. कुठे, ते मला माहीत नाही. माहीत असते तरी सांगितले नसते.

मग मला पुन्हा उलटे करण्यात आले.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. जुन्या वस्तू बहुधा 'आम्हाला दुरुस्त करा' म्हणतात. मला कृपा करून दुरुस्त करू नका. चार नंबरच्या खोलीत पेशंट एकटा बसू दे. तुमच्या ओळखीत कुणी सारखे पडत असेल, तर मारणाऱ्यासमोर विचारू नका आणि त्याला समजवायला तर मुळीच जाऊ नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला हळूच सांगा. आणि पडणारे तुम्हीच असाल, तर सिस्टरांना म्हणा, "मला एकट्याने बोलायचंय." स्टूल लगेच मोडेल.

आणि हो, आमच्यावर आळ घेण्याआधी घरात स्टूल आहे की नाही, तेवढे बघा.